काचतंतूची सळई: स्लॅबात कमी, जमिनीत जास्त

किनारपट्टीवर घर बांधायला काढलं की हल्ली दुकानातच कुणीतरी काचतंतूची (फायबरग्लासची) हिरवी किंवा पिवळी सळई हातात ठेवतो. "लोखंड गंजतं, ही गंजत नाही. वजन पाव. ताकद दुप्पट. आठ मिमीच्या जागी सहाची घाला." यातली पहिली तीन वाक्यं बरोबर आहेत. चौथं धोक्याचं आहे, आणि ते पहिल्या तिन्हींच्या जोरावर खपवलं जातं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जिथं लोखंडाचा चिवटपणाच अडचण होतो, किंवा जिथं गंज हाच मुख्य शत्रू आहे, तिथं काचतंतूची सळई अव्वल. अशा जागा राहत्या घराच्या स्लॅबात थोड्या आणि जमिनीखाली पुष्कळ आहेत. का, ते समजायला ही सळई आतून कशी असते ते बघावं लागतं.

वाळू, चुनखडी, अ‍ॅल्युमिना वगैरे सुमारे १४०० अंशांच्या वर वितळवून प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या बुशिंगमधून खाली सोडतात. बुशिंगला शेकडो ते हजारो बारीक तोंडं असतात आणि प्रत्येकातून एक तंतू प्रचंड वेगानं ओढला जातो. तंतूची जाडी ९ ते २४ मायक्रॉन. ताज्या, कशालाही न घासलेल्या ई-ग्लास (सर्वसाधारण जातीच्या काचेच्या) तंतूची ताणशक्ती सुमारे ३४०० मेगापास्कल (दर चौरस मिमीला तेवढे न्यूटन) भरते. खिडकीची काच याच जातकुळीतली, पण तिच्या पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे असतात आणि काच ओरखड्यापासूनच फुटते. म्हणून बुशिंगखाली तंतू आला की लगेच त्याच्यावर साइझिंगचा लेप चढतो. हा लेप तंतूंना एकमेकांवर घासू देत नाही आणि पुढं रेझिनला, म्हणजे तंतूंना सळईत बांधणाऱ्या चिकट द्रव्याला, धरून ठेवतो. साइझिंग कुठल्या रेझिनसाठी आहे ते रोव्हिंगच्या (तंतूंच्या जाड धाग्याच्या) लेबलावर दिलेलं असतं. इपॉक्सीसाठीचा धागा पॉलिएस्टरमध्ये घातला तर सळई दिसायला तशीच दिसते, पण ओलाव्यात तंतू आणि रेझिन एकमेकांना सोडू लागतात. हा धागा आपल्याकडं परका नाही. रायगड जिल्ह्यात तळोजा आणि गोव्यात बार्देशातलं कोलवाळ, दोन्हीकडं काचतंतूचे कारखाने उभे राहिले.

आता १२ मिलिमीटरची सळई घ्या. छेदाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी, घनता साधारण २.०५, म्हणजे एका मीटरचं वजन २३२ ग्रॅम. लोखंडाची तीच सळई ८८८ ग्रॅम भरते. वजनाच्या ७५ टक्के काच धरली तर मीटरला १७४ ग्रॅम काच लागते. टेक्स म्हणजे एका किलोमीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, तेव्हा ४८०० टेक्सच्या रोव्हिंगचा एक मीटर ४.८ ग्रॅमचा. म्हणजे अशा ३६ रोव्हिंग एकत्र ओढून रेझिनच्या टाकीतून आणि तापलेल्या डायमधून (साच्यातून) काढल्या की ही सळई तयार होते. विक्रेत्याला "किती टेक्सच्या किती रोव्हिंग?" एवढाच प्रश्न विचारून बघा. ज्याला उत्पादन माहीत आहे तो एका दमात सांगतो.

या ३६ रोव्हिंगमधला प्रत्येक तंतू सळईच्या लांबीतच धावतो, आडवा जवळजवळ एकही नसतो. त्यामुळं लांबीत ओढलं तर १००० मेगापास्कलच्या आसपास ताकद, आणि आडवं कापायला गेलं तर फक्त रेझिनचा आणि तंतूंच्या ठिसूळपणाचा विरोध. अमेरिकेच्या एएसटीएम या मानक-संस्थेच्या डी ७९५७ या विनिर्देशात आडव्या कर्तन-ताकदीची किमान अट १३१ मेगापास्कल आहे. एकाच सळईत दोन दिशांना एवढं अंतर लोखंडात कधीच सापडत नाही. पुढचं सगळं, चांगलं आणि वाईट, या एका गोष्टीतून निघतं.

दुसरी गोष्ट अल्कलीची. काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२.५ ते १३.५ असतो. लोखंडाला तो गंजापासून वाचवतो. साध्या काचेला तोच खातो: सिलिकाची जाळी तुटते, शिवाय तंतूंच्या मधल्या फटींत चुन्याचे स्फटिक वाढून तंतूंची लवचीकता जाते. याच कारणानं साधा ई-ग्लास सिमेंटमध्ये उघडा टाकून बनवलेले पातळ पत्रे काही काळानं बिस्किटासारखे मोडत. इंग्लंडमधल्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये ए. जे. मजुमदार यांनी काचेत झिर्कोनिया वाढवून त्यावर तोड काढली आणि पिल्किंग्टन कंपनीनं १९७१ च्या सुमारास ती बाजारात आणली. आजही जीआरसीच्या (काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटच्या) जाळ्या, कोरीव खांब, दर्शनी पॅनेल यांत किमान १६ टक्के झिर्कोनियाचा एआर (अल्कलीत टिकणारा) ग्लासच लागतो. फवारून बनवायच्या मालात तो वजनानं ५ टक्के, मिसळून ओतायच्या मालात २ ते ३.५ टक्के. सळईत मात्र काच उघडी नसते, रेझिन तिला झाकतं. त्यामुळं सळईचं आयुष्य काचेपेक्षा रेझिनवर ठरतं. व्हिनाईल एस्टर आणि इपॉक्सी अल्कलीत टिकतात. पॉलिएस्टरमधले एस्टरचे दुवे अल्कलीत तुटतात, आणि स्वस्त सळई बहुधा त्याचीच असते. काचही ई-ग्लासपेक्षा बोरॉनविरहित ईसीआर (गंज-रोधक जातीची) असलेली बरी.

आता स्लॅबकडं येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहे.

स्लॅबच्या तड्यांची रुंदी आणि वाक हे सळईच्या ताकदीवर ठरत नाहीत, तिच्या ताठरतेवर ठरतात. लोखंडाचा लवचिकता-गुणांक २०० गिगापास्कल. काचतंतूच्या सळईचा ४५ ते ५० च्या आसपास. डी ७९५७ ची किमान अट ४४.८ आहे. समजा १२५ मिमी जाडीचा स्लॅब आहे, परिणामी खोली (वरच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत) १०० मिमी, आणि त्यात ८ मिमीचं लोखंड १५० मिमी अंतरानं आहे. त्याच जागी तेवढ्याच अंतरानं काचतंतूची ६ मिमीची सळई टाकली. एका लोखंडी सळईचं क्षेत्रफळ ५०.३, त्याला २०० नं गुणलं तर १०,०६०. काचेच्या सळईचं २८.३ गुणिले ४६, म्हणजे १,३०२. ताठरता आठव्या हिश्शावर आली. तडा गेल्यानंतरच्या छेदाचा जडत्व-आघूर्ण (वाकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप) काढला तर लोखंडाचा दर मीटर रुंदीला सुमारे १९८ लाख मिमी चतुर्थघात येतो आणि काचेचा ३१ लाख. म्हणजे तडा गेल्यावर तोच स्लॅब सहापट वाकू पाहतो. पडणार नाही कदाचित. पण फरशा उचलतील, खालून प्लॅस्टर सुटेल, पॅरापेटशी तडा उघडेल आणि पावसाचं पाणी आत येईल. ज्यांनी नीट डिझाइन केलं आहे त्यांच्या स्लॅबात काचेच्या सळया लोखंडाइतक्या किंवा त्याहून जाड असतात आणि जवळजवळ असतात, कारण तिथं वाक आणि तडे हिशोब ठरवतात. "आठच्या जागी सहा" हा कुठल्याही कोडमधला नियम नाही.

कायमच्या भाराचं गणित आणखी कठोर आहे. काचतंतू सतत ताणाखाली ठेवला तर तो एका दिवशी, पूर्वसूचना न देता तुटू शकतो. त्याला क्रीप रप्चर म्हणतात. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत जमिनीला किंवा हवामानाला उघड्या घटकासाठी ताकद आधी ०.७ नं आणि मग कायमच्या भारासाठी ०.२० नं गुणायला सांगितलं होतं. १००० मेगापास्कलची सळई म्हणजे १४०. २०२२ च्या कोडमध्ये हे गुणक ०.८५ आणि ०.३० झाले, म्हणजे २५५. "ताकद दुप्पट" यातलं वापरता येण्याजोगं एवढंच. शिवाय लोखंड तुटण्याआधी लांबतं, स्लॅब लोंबतो, माणसं बाहेर पडतात. काचेची सळई तुटेपर्यंत सरळ रेषेत ताण घेते आणि मग एकदम जाते. आगीत तर रेझिन १०० ते १२० अंशांच्या आसपास मऊ होऊ लागतं आणि काँक्रीटची पकड सुटते. वरचं काँक्रीट तोवर धड असतं.

भारतीय मानक आता आलं आहे, आयएस १८२५६ : २०२३, आणि रस्त्यांच्या कामांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १३७ आहे. घरमालकानं एवढंच करावं: या सळईवर सही करणारा स्ट्रक्चरल इंजिनियर वाक आणि तड्यांचा लेखी हिशोब देतो का ते बघावं. देत नसेल तर गॅल्व्हनाइझ्ड किंवा इपॉक्सी-लेपित लोखंड, चांगलं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि घट्ट काँक्रीट हा खाऱ्या हवेतला जास्त भरवशाचा मार्ग आहे.

धक्के, जेट्टी, समुद्राच्या भिंती ही गोष्ट वेगळी. तिथं काँक्रीट जाड असतं, वाक नगण्य, आणि क्लोराइडनं लोखंड फुगून कव्हर उडवणं हीच खरी डोकेदुखी. कॅनडात नोव्हा स्कोशामधल्या हॉल्स हार्बरच्या धक्क्यासह अनेक बांधकामांतून ५ ते ८ वर्षांनी काँक्रीटचे गाभे काढून आतली काचतंतूची सळई तपासली गेली; काचेवर अल्कलीचा हल्ला झाल्याची खूण सापडली नाही. कोकणातल्या मच्छीमार जेट्ट्यांसाठी हा विचार मला मनापासून पटतो.

पण या सळईचं खरं घर जमिनीखाली आहे.

भुयारी मेट्रोचं स्थानक आधी खोल खड्डा म्हणून बांधतात आणि त्याच्या चारी बाजूंना ०.८ ते १.२ मीटर जाडीची डायाफ्राम वॉल (जमिनीत खंदक खणून ओतलेली काँक्रीटची भिंत) असते. टीबीएमला (बोगदा खणणाऱ्या यंत्राला) याच भिंतीतून आत यायचं किंवा बाहेर जायचं असतं. भिंतीत ३२ मिमीचं लोखंड असेल तर कटरहेडची (यंत्राच्या फिरत्या तोंडाची) हत्यारं मोडतात, सळया गुंडाळल्या जातात. नाहीतर माणसांनी भिंत आधी फोडून लोखंड कापायचं. मागं भूजलाखालची माती उघडी पडते आणि अपघात नेमका तिथंच होतो. म्हणून बोगद्याच्या वर्तुळापुरती भिंत काचतंतूच्या सळईनं बांधतात. याला सॉफ्ट आय म्हणतात. मातीचा दाब ताणात पेलायला सळई पुरेशी भक्कम, आणि कटर आडवा फिरला की भुगा. आडवी कमजोरी इथं कामाला येते.

कागदावर हे सोपं दिसतं. बिघडतं ते जोडात आणि उचलण्यात. टीबीएमचा व्यास ६.६ मीटर असेल तर सॉफ्ट आय तेवढाच ठेवून चालत नाही. खंदक थोडा कलतो, सळयांचा पिंजरा थोडा वर-खाली बसतो, यंत्र थोडं हटतं. चारी बाजूंना ३०० ते ५०० मिमी मोकळीक धरली तरच लोखंडाचं टोक वर्तुळात येत नाही. वर आणि खाली लोखंडी सळईशी जोड लॅपनं (सळया एकमेकींशेजारी ठेवून), आणि लॅपवर यू-क्लँप. वेल्डिंग अर्थातच नाही. काचेच्या सळईला लॅप जास्त लागतो. व्यासाच्या ४० ते ६० पट धरा, ३२ मिमीला १.३ ते १.९ मीटर. क्लँप जास्त आवळला तर तंतू चिरडतात, कमी आवळला तर उचलताना जोड सरकतो. म्हणून टॉर्क रेंच घेऊन आणि निर्मात्याचा आकडा समोर ठेवूनच आवळायचं.

उचलताना या पिंजऱ्याचा सगळ्यात वाईट क्षण येतो. आडवा पिंजरा क्रेननं उभा होत असताना मधला काचेचा भाग वाकतो, आणि त्याच्या खाली काही टन लोखंडाचा भाग लटकत असतो. खालचा भार काचेच्या जोडांतून वर जाणार की स्वतंत्र वायर रोपनं, हे रेखांकनावर ठरलेलं हवं. काचेच्या भागाला तात्पुरत्या लोखंडी आडण्या बांधतात, आणि पिंजरा खंदकात उतरत जाईल तशा त्या एकेक काढायच्या असतात. मोजून लावायच्या, मोजून काढायच्या. एक आत राहिली की काही महिन्यांनी कटरहेड तिच्यावर येतो. तीच गत सोनिक टेस्टच्या (ध्वनिलहरींनी काँक्रीट तपासायच्या) लोखंडी पाइपची, अर्थिंगच्या पट्टीची, उचलायच्या हुकांची. वर्तुळातल्या या सगळ्या वस्तू पीव्हीसीच्या हव्यात किंवा तिथं नकोतच. कव्हर ब्लॉकसुद्धा लोखंडी पायाचे नकोत.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. काचेच्या सळईची घनता २ च्या जवळपास, काँक्रीटची २.४. ट्रेमीतून (तळापर्यंत नेलेल्या पाइपमधून) काँक्रीट खालून वर चढतं तेव्हा लोखंडी पिंजरा आपल्या वजनानं बसून राहतो, काचेचा वर उचलला जाऊ पाहतो. खालच्या लोखंडी भागाचं वजन त्याला धरतं, पण ते मोजून बघायला हवं, आणि पिंजऱ्याचं डोकं गाइड वॉलला (खंदकाच्या तोंडाशी असलेल्या भिंतीला) बांधून ठेवायला हवं. काँक्रीट सॉफ्ट आयच्या पातळीत असताना चढायचा वेग कमी ठेवला की बहुतेक प्रश्न मिटतो.

शेवटी यंत्र भिंतीशी येतं. इथं घाई केली की सळईचा भुगा न होता लांब कांबी निघतात, आणि त्या माल बाहेर नेणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरमध्ये किंवा स्लरी पंपात अडकतात. कटरहेड फिरता ठेवून पुढचा रेटा अगदी कमी ठेवायचा, म्हणजे तुकडे बोटभर राहतात.

बोगदा टीबीएमनं नाही तर एक्सकॅव्हेटरनं खणायचा असेल, आणि समोरची माती चिकण किंवा ठिसूळ शेल असेल, तर फेस (खणायची समोरची भिंत) स्वतःच पुढं सरकतो, आत ढासळतो. इटलीत पिएत्रो लुनार्दी यांनी १९८० च्या दशकात यावर वेगळ्या बाजूनं विचार केला. खणलेल्या बोगद्याला मागून आधार देत बसण्यापेक्षा समोरचा न खणलेला गाभाच आधी बळकट करायचा. फ्लॉरेन्सच्या परिसरातल्या वेगवान रेल्वेच्या बोगद्यांत हे पुष्कळ वापरलं गेलं. फेसमध्ये लांब आडवी भोकं पाडून त्यांत काचतंतूच्या नळ्या किंवा पट्ट्या ग्राउट करतात, म्हणजे पातळ सिमेंट भरून पक्क्या करतात. मग बकेट त्या मातीबरोबर त्यांनाही मोडत पुढं जाते. तिथं लोखंड घातलं असतं तर प्रत्येक मीटरला गॅस कटर घेऊन माणूस कच्च्या फेसखाली उभा करावा लागला असता.

लांबी साधारण १२ ते २४ मीटर, घनता दर दोन चौरस मीटरला एक ते दर चौरस मीटरला एक. ७५ चौरस मीटरच्या फेसला दोन चौरस मीटरला एक धरली तर सुमारे ४० नळ्या. १८ मीटरच्या नळ्या असतील तर १२ मीटर खणायचं, ६ मीटर शिल्लक राहिल्या की थांबून नवा संच. हा ६ मीटरचा ओव्हरलॅप वेळ वाचवायला कुणी ३ वर आणला की शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत फेस फुगलेला दिसतो, कारण उरलेली लांबी पकड घ्यायला पुरत नाही. चिकणमातीत भोक पाण्यानं पाडू नये. भोकाची भिंत लिबलिबीत होते आणि ग्राउट मातीला न धरता सुटतं. हवेनं किंवा ऑगरनं (मळसूत्री गिरमिटानं) पाडावं, त्याच पाळीत नळी घालावी आणि त्याच पाळीत ग्राउट भरावं, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४ ते ०.५. ग्राउटची नळी भोकाच्या तळापर्यंत नेऊन तिथून भरत बाहेर यायचं. तोंडाकडून भरलं तर आत हवा कोंडते आणि सगळ्यात महत्त्वाचा आतला टोकाचा भाग पोकळ राहतो. शेवटी फेसवर ५ ते १० सेंटिमीटर शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट).

कोळशाच्या खाणीतही हेच तत्त्व चालतं. लाँगवॉलमध्ये (कोळशाची लांब भिंत कापत नेण्याच्या पद्धतीत) शिअरर यंत्र ज्या बाजूच्या भिंती कापत जाणार तिथं काचतंतूचे बोल्ट घालतात. लोखंडी बोल्टवर यंत्राची पिक (कापायचा दात) आदळली तर ठिणगी उडते, आणि मिथेन असलेल्या खाणीत ठिणगी म्हणजे जीवघेणी गोष्ट. शिवाय लोखंडाचा तुकडा कन्व्हेयरचा पट्टा लांबच लांब फाडतो.

शहरातल्या तळघरांच्या खोदाईत आणखी एक उपयोग आहे आणि तो आपल्याकडं वाढायला हवा असं मला फार वाटतं. खड्ड्याची बाजू धरायला घातलेले सॉईल नेल (मातीत आडव्या घातलेल्या सळया) प्लॉटची हद्द ओलांडून शेजाऱ्याच्या जमिनीखाली जातात. काम संपलं की त्यांची गरज संपते, पण लोखंड तिथंच राहतं. दहा वर्षांनी शेजारी पायलिंग करायला लागला की त्याचा ऑगर त्यात अडकतो. तात्पुरते नेल काचतंतूचे घातले तर ऑगर त्यांना कापून जातो. यातही अट एकच: सळई ताणातच काम करेल अशा कोनात हवी. मोठ्या सांध्यांचा खडक असेल आणि त्यातला ठोकळा सांध्यावरून आडवा सरकणार असेल, तर लोखंडी बोल्ट वाकून का होईना धरतो. काचेचा तिथं आडवा कापला जातो. सह्याद्रीच्या घाटातल्या अशा बेसाल्टच्या कड्यांना मी काचेचे बोल्ट सुचवणार नाही.

नेलच्या डोक्याकडं नीट बघा. सळईवर आटे कोरून काढले असतील तर बाहेरचे तंतू कापले गेलेले असतात, आणि नट-प्लेटची ताकद सळईच्या ताकदीच्या निम्म्याहूनही कमी भरू शकते. निर्मात्याच्या तक्त्यात हे दोन आकडे वेगळे दिलेले असतात. हिशोब छोट्या आकड्यावर करायचा. नट पान्यानं जोर लावून आवळला की आटे सोलून निघतात, तेव्हा इथंही टॉर्क रेंच.

रस्त्यात आणि मातीत काचतंतू दुसऱ्या रूपात येतो. जुन्या तडकलेल्या रस्त्यावर डांबराचा नवा थर दिला की खालचे तडे वर येतात. ते लांबवायला मध्ये काचतंतूची, डांबर-लेपित जाळी घालतात. प्लॅस्टिकच्या जाळीपेक्षा काच इथं बरी, कारण ती दीडशे-एकशे साठ अंशांच्या मालाखाली मऊ होत नाही आणि तीन टक्के लांबायच्या आतच पूर्ण ताकद घेते. मात्र ती फक्त आडव्या हालचालीचा तडा रोखते. खालचा पाया दबत असेल, पॅनेल वर-खाली हलत असेल, तर जाळीचे पैसे वाया. जाळीखाली सपाट लेव्हलिंग थर, एकसारखा टॅक कोट (चिकटवायचा डांबराचा पातळ हात), वर किमान ४० मिमी डांबरी थर. जाळीला सुरकुती राहिली की तिथंच नवा थर सुटतो, आणि मालाचा डंपर जाळीवर वळला की सुरकुती हमखास. काळ्या मातीत चिरलेले तंतू मिसळायचे प्रयोगही होतात, १२ मिमी लांबीचे, कोरड्या वजनाच्या ०.२५ ते १ टक्का. त्यानं मातीचा ठिसूळपणा कमी होतो. फुगणं मात्र चुनाच कमी करतो. आणि चुना घातला की अल्कली आली, म्हणून तिथंही एआर ग्लास. एक टक्क्याच्या वर गेलं की तंतूंचे गोळे होतात आणि पट्टे पडतात.

साइटवर सळई आली की काळ्या ताडपत्रीखाली ठेवा, उन्हानं रेझिनचा वरचा थर झडतो. कापायला डायमंड ब्लेडचा ग्राइंडर घ्या. कातरीनं टोक चिरडतं आणि तंतू फिसकारतात. धूळ अंगाला फार खाजते, म्हणून मास्क, चष्मा आणि लांब बाह्या हव्यातच. साइटवर सळई वाकवता येत नाही. टॉर्चनं तापवून वाकवलेली सळई फेकून द्यायची. रिंगा कारखान्यातूनच वाकवून येतात, आणि वाकाशी त्यांची ताकद सरळ सळईच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरते हे डिझाइनमध्ये धरलेलं हवं. बांधायला केबल टाय किंवा प्लॅस्टिक-लेपित तार, व्हायब्रेटरला रबरी टोपी. चेअर (जाळी उचलून धरणारे पाय) लोखंडाला देता त्याच्या दोन-तृतीयांश अंतरावर द्या, नाहीतर माणूस चालला की जाळी खाली बसते.

माल घेताना दोन चाचण्या कुठल्याही मटेरियल लॅबमध्ये होतात. पहिली जाळण्याची. ५० मिमीचा कोरडा तुकडा तोलून मफल फर्नेसमध्ये ६०० अंशांच्या जवळ रेझिन पूर्ण जळेपर्यंत ठेवायचा. १२ मिमीच्या सळईचा असा तुकडा ११.६ ग्रॅमच्या आसपास असतो आणि चांगल्या मालात ८.७ ग्रॅम काच उरते. पृष्ठभागावर चिकटवलेली वाळू वेगळी काढून तोलायची. ७० टक्क्यांच्या खाली काच असेल तर माल परत. उरलेल्या काचेत पांढरी भुकटी दिसली तर तिच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फसफसलं तर तो रेझिनमध्ये भरलेला खडूचा भरणा. तो त्या तापमानाला जळत नाही आणि काचेच्या वजनात मोजला जातो. दुसरी चाचणी रंगाची: २५ मिमीचा तुकडा दोन्ही टोकं घासून रंगाच्या काही मिलिमीटर द्रावात उभा करायचा. पंधरा मिनिटांत वरच्या टोकावर ठिपके उमटले तर सळईत आरपार नळ्या आहेत, आणि जिथून रंग चढला तिथूनच अल्कली चढणार.

कारखान्याच्या दाखल्यात लवचिकता-गुणांक, रेझिनचं नाव, ग्लास ट्रान्झिशन तापमान (ज्याला रेझिन मऊ होऊ लागतं ते, किमान १०० अंश) आणि ६० अंशांच्या अल्कली द्रावात ९० दिवस ठेवल्यावर किमान ८० टक्के ताकद उरल्याचा निकाल एवढं असायलाच हवं. आणि दाखल्यावरचा लॉट नंबर सळईवर छापलेल्या नंबराशी जुळवून घ्या. बंडलच्या चिठ्ठीवरचा चालणार नाही, सळईवरचाच.